चवदार तळ्याचं पाणी आणि खोताची जमीन

हिरकणीवाडी (ता. महाड) : दरवर्षी २० मार्चला महाड शहरात पाय ठेवायला जागा नसते. विदर्भातून, मराठवाड्यातून, पार परराज्यातून गाड्या भरून माणसं चवदार तळ्यावर येतात. २५ डिसेंबरलाही तसंच. त्यातले कितीतरी जण मग रायगडाकडे वळतात आणि आमच्या हिरकणीवाडीत रोपवेच्या रांगेत उभे राहतात. १९२७ सालच्या डिसेंबरात महाडची परिषद आटोपल्यावर खुद्द बाबासाहेबही रायगडावर गेले होते. तेव्हा रोपवे नव्हता, चढूनच जायचं.

तळ्याची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण बाबासाहेबांचं आयुष्य नीट बघितलं तर पाण्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सारखी दिसत राहते. ती म्हणजे पोटाची. कुणाच्या हाताखाली कामाला जायचं, जमीन कुणाची कसायची, मजुरी कोण देणार आणि कोण बंद करणार. जातीचा अन्याय आणि गरिबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्यांनी कधी मानलं नाही. आपल्या महाड-पोलादपूरच्या माणसाला हे चटकन कळेल, कारण खोती आपल्या आज्यापणज्यांनी सोसलेली आहे.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला मध्य प्रदेशातल्या महू इथं, लष्कराच्या छावणीत झाला. मूळ गाव मात्र आपल्या शेजारचं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. म्हणजे माणूस कोकणचाच. वडील रामजी सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचे. आजोबा मालोजीही सैन्यात.

इथं थोडं थांबायला पाहिजे. कोकणातल्या महारांना सैन्याची नोकरी म्हणजे गावाबाहेर पडायचा एक मोठा रस्ता होता. गावात राहिलं की गावकीचं काम, खोताची वेठ, मेलेली जनावरं ओढणं आणि त्याबदल्यात बलुतं. सैन्यात गेलं की रोख पगार, अक्षरओळख आणि म्हातारपणी पेन्शन. पेन्शन घेणारा माणूस खोताच्या दारात उभा राहत नाही, त्यामुळे तो मान वर करून बोलू शकतो. आपल्या महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर असेच सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी १८८८ साली अस्पृश्यतेवर पुस्तक लिहिलं. पुढं इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा ती परत सुरू करावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार करणारेही तेच. भरती बंद झाली आणि अख्ख्या समाजाची एक शिडीच काढून घेतली गेली. महाडला जे घडलं ते महाडलाच का घडलं, याचं अर्धं उत्तर दासगावच्या पेन्शनरांत आहे.

भीमरावांच्या लहानपणची एक गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. साताऱ्यात असताना वडील दुसऱ्या गावी कॅशियरच्या कामाला होते. पोरं सुट्टीत त्यांच्याकडे निघाली. चांगले कपडे, डोक्यावर टोप्या, खिशात पैसे. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला, जात कळल्यावर मागं सरला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असं ठरलं. रात्रभर प्रवास, सोबत डबा होता पण पाणी नव्हतं. वाटेत कुणी पाणी दिलं नाही आणि पोरं तशीच उपाशी झोपली. पैसे होते, दुप्पट भाडंही मोजलं, तरी घोटभर पाणी मिळालं नाही. जातीपुढे खिशातला पैसा कसा खोटा ठरतो हे त्या पोराला तेव्हाच कळलं असणार.

पुढं मुंबईत परळच्या चाळीत राहून शिक्षण झालं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. विषय अर्थशास्त्र. हे आपण नेहमी विसरतो. घटना लिहिणारा माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचा पहिला अभ्यास पैशाचा, कराचा, शेतीचा आणि सरकारी तिजोरीचा होता.

त्या वेळची अमेरिका कशी होती तेही समजून घेतलं पाहिजे. काळ्या लोकांची गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली होती. त्याच साली काही भागात सुटलेल्या गुलामांना प्रत्येकी चाळीस एकरपर्यंत जमीन द्यायचा हुकूम निघाला होता, पण काही महिन्यांतच नव्या राष्ट्राध्यक्षाने तो फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांना परत गेल्या. मग ज्यांच्याकडे नांगर नाही, बी नाही, जमीन नाही, अशी माणसं कुठं जाणार? त्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबायला. पीक आलं की मालकाचा वाटा, दुकानदाराची उधारी, आणि उरलं तर आपलं. आपल्याकडची अर्धेली आठवा, फार फरक नाही. बेड्या तुटल्या तरी हिशेबाची वही मालकाच्याच हातात राहिली. बाबासाहेब राहत होते त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम हा भाग आहे. त्याच काळात काळी माणसं दक्षिणेकडून तिथं येऊन वस्ती करत होती.

पुढं कितीतरी वर्षांनी, १९४६ साली, बाबासाहेबांनी तिथले काळ्या लोकांचे मोठे अभ्यासक आणि पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस यांना पत्र लिहिलं. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याची प्रत त्यांना हवी होती, आपल्या लोकांसाठीही तसंच काही करता येईल का हे बघायला. ड्यु बॉईस यांचं उत्तरही आलं. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना बाबासाहेबांनी लिखाणात केली आहे. त्यातला एक मुद्दा शेतकऱ्याला लगेच पटेल असा आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता, तो मेला तर मालकाचं नुकसान, म्हणून मालक त्याला निदान जेवायला घालतो. अस्पृश्य उपाशी मेला तर कुणाचं काहीच जात नाही. राबवून घ्यायला सगळे, जबाबदारी कुणाचीच नाही.

अमेरिका आणि लंडन करून १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले, शिष्यवृत्तीच्या करारानुसार. एवढं शिकलेला माणूस, पण शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकायचे. राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले, तर काही दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव दारात येऊन उभा राहिला. बाहेर पडावं लागलं, दुसरीकडे कुठं सोय झाली नाही आणि नोकरी सोडून ते मुंबईला परतले. मग पोटासाठी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा धंदा सुरू केला. विद्येत कमी नव्हतेच. पण सल्ला देणारा महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं बंद झालं. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. मुलांना शिकवणं आवडायचं, पण तिथंही सहकाऱ्यांतल्या काहींनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली.

गरीब आहेत म्हणून दलित मागे आहेत, शिकले-कमावले की जात आपोआप जाईल, असं आजही बरेच जण म्हणतात. हे नोकरीचं आणि धंद्याचं प्रकरण बघितलं की तो हिशेब बसत नाही. शिक्षण होतं, हुशारी होती, पगारही होता. जातीने तिन्हींची किंमत कमी केली.

१९१८ सालीच त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे होतात म्हणून शेती परवडत नाही, तुकडे जोडा, असं तेव्हा सरकार म्हणत होतं. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं. तुकडे होतात कारण सगळे जमिनीलाच चिकटून आहेत, दुसरं काम नाही. हातांना काम द्या, कारखाने काढा, म्हणजे जमिनीवरचा भार हलका होईल. आमच्यासारख्या, पाच-दहा गुंठे भाताचं खाचर आणि डोंगरातलं वरकस सांभाळणाऱ्या माणसाने हे शंभर वर्षांनी वाचलं तरी आपल्याच सातबाऱ्याबद्दल लिहिलंय असं वाटतं.

नोकरीतून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्राकडून उसने घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पुरा केला, बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली परत आले.

आता महाड. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला होता. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याप्रमाणे चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. तेव्हा सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस पालिकेचे अध्यक्ष. कागदावर तळं खुलं झालं, पण पाण्यापर्यंत जायची कुणाची छाती झाली नाही. तळ्याभोवती सगळी सवर्णांची घरं. गुरं त्या तळ्यावर पाणी प्यायची, मुसलमान भरायचे, महाराला मात्र बंदी.

हा अडथळा मोडायला परिषद घ्यावी आणि बाबासाहेबांना बोलवावं, यासाठी सगळ्यात जास्त खपला तो आपल्या तालुक्याचा पोरगा, रामचंद्र बाबाजी मोरे. दासगाव-लाडवलीकडचा. लहानपणी परीक्षेत चमकूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला दाराबाहेर ठेवलं होतं. पुढं हेच कॉम्रेड आर. बी. मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले, पण बाबासाहेबांशी संबंध त्यांनी तोडले नाहीत. जात आणि मजुरी या दोन्ही लढाया एकत्र लढाव्यात म्हणून ते शेवटपर्यंत आपल्या पक्षाशीही भांडत राहिले. त्यांच्यावर वेगळं लिहायला पाहिजे, ते पुन्हा कधीतरी.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. माणसं गावोगावाहून चालत आली होती, भाकऱ्या बांधून. सैन्यातले पेन्शनर होते, तशीच खेड्यातली साधी कुळंही होती. परिषदेसाठी लागणारं पाणी चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. तळं डोळ्यांसमोर, ठराव पालिकेचा, आणि पाणी विकत. त्या काळात चाळीस रुपये म्हणजे मजुरी करणाऱ्या माणसाला कित्येक आठवड्यांची कमाई.

दुसऱ्या दिवशी सगळे शिस्तीने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. मग बाकीच्यांनी. थोड्या वेळाने गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन जमाव मंडपात घुसला, जेवायला बसलेल्या माणसांना मारलं. बायकापोरांनाही सोडलं नाही. काही जणांना मुसलमानांनी आपल्या घरात आसरा दिला. पेन्शनर शिपाई चवताळले होते, बाबासाहेबांनी एक शब्द दिला असता तर महाडात काय झालं असतं सांगता येत नाही. त्यांनी तो दिला नाही. नंतर गोमूत्र-शेण घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध करून घेण्यात आलं, आणि ऑगस्टमध्ये पालिकेने आपलाच ठराव रद्द केला.

खरा मार मात्र माणसं गावी परतल्यावर पडला. त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. परिषदेला कोण गेला होता हे गावोगाव बघून ठेवलेलं होतं. कुणाची कसायची जमीन काढून घेतली, कुणाला मजुरीला बोलवायचं बंद केलं, कुणाला वाण्याने मीठमिरची द्यायचं बंद केलं. पाणी प्यायले म्हणून शेत गेलं. पुढं १९२८ मध्ये सरकारने दलित आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली, त्यात बाबासाहेब होते. १९३० च्या तिच्या अहवालात हीच गोष्ट मांडली आहे. बहुतेक गावांत अस्पृश्य माणूस सवर्णांचं कूळ तरी असतो, मजूर तरी, नाहीतर गावकीचा नोकर. त्याला स्वतःचं असं उत्पन्न नाही. त्यामुळे विहिरीवर गेला, चांगला कपडा घातला, जमीन घेतली किंवा नवरदेव घोड्यावर बसवला की गावाने फक्त कामधंदा बंद करायचा. लाठीसुद्धा लागत नाही.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. दरम्यान काही मंडळी कोर्टात गेली होती, तळं खासगी आहे म्हणून, आणि तात्पुरता मनाईहुकूमही मिळवला होता. महाडात जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून चालत महाडला आले. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते हे लक्षात ठेवायला हवं. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही असं ठरलं, म्हणून या वेळी तळ्याला फक्त वळसा घातला. कोर्टातली लढाई पुढं नऊ वर्षांहून जास्त चालली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने दलितांच्या बाजूने निकाल दिला. ओंजळ भरली त्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते.

मधल्या काळात मुंबई. आपल्या दोन्ही तालुक्यांतून गिरणीत गेलेली माणसं घरटी होती, त्यामुळे हे सांगायलाच हवं. गिरणीत सगळ्यात चांगला पगार साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. तिथं दलिताला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धाग्याची कांडी संपली की नवी बसवताना धागा तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे. दलिताचं तोंड लागलेल्या धोट्याला आपलं तोंड कसं लावायचं? म्हणून त्यांनी कमी पगाराच्या सूतखात्यात राबायचं. मालकाने घातलेली ही बंदी नव्हती, बरोबरच्या कामगारांनी घातलेली होती. १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हा प्रश्न टाकला की सगळे कामगार एक म्हणता तर साचेखातं आमच्या माणसाला उघडं करा. लाल बावट्याच्या युनियनने मागणी घ्यायला बरीच खळखळ केली.

गावाकडे महारवतन. त्यावर त्यांनी १९२८ साली कायदे मंडळात बिल आणलं. वतनाची थोडी जमीन आणि बलुतं एवढ्यावर अख्खं घर दिवसरात्र सरकारचं आणि गावाचं बांधील. माणूस आजारी असला तर बापाने नाहीतर पोराने जायचं. आपल्याच लोकांनाही त्यांनी सांगितलं की या तुकड्याचा मोह सोडा, त्यापायी आपण बांधले गेलो आहोत. ते बिल त्यांना शेवटी मागे घ्यावं लागलं. हे सगळ्यांना आवडलं होतं असंही नाही. वतन गेलं तर खायचं काय, असं विचारणारे समाजातच होते, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

आता खोती. कोकणात रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत बसलेला होता. मुळात सारा गोळा करून सरकारला भरायचं काम, पण हळूहळू तो गावचा मालकच झाला. कुळाने पिकाचा अर्धा, कुठं कमी कुठं जास्त वाटा घालायचा. वर वेठ, म्हणजे खोताच्या शेतात फुकट नांगर, फुकट लावणी, घरचं लग्नकार्य असलं तर लाकूडफाटा. कबुलायतीवर अंगठा घेतला की पुढच्या वर्षी जमीन राहील की जाईल ते खोताच्या मर्जीवर. खोत एका जातीचे नव्हते, ब्राह्मण, कायस्थ प्रभू, मराठा, मुसलमान, सगळे होते. आणि कुळंही कुणबी, आगरी, मराठा, महार, सगळी.

अलिबागकडे चरी गावात नारायण नागू पाटील यांनी १९३३ मध्ये शेतकऱ्यांचा संप सुरू केला. कुळांनी जमिनी कसायच्याच बंद केल्या. १९३९ पर्यंत माणसं करवंदं-लाकडं विकून, खाडीत मासे पकडून जगली, पण खोताच्या बांधावर गेली नाहीत. बाबासाहेब तिथं शेतकऱ्यांच्या सभेला गेले होते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, त्याच्या नावातच मजूर आहे. महाडच्या लढ्यातले अनंतराव चित्रे आणि टिपणीस यांच्यासारखे सवर्ण सहकारी या पक्षातही त्यांच्या सोबत होते.

हायकोर्टाचा तळ्याचा निकाल लागला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करायचं बिल मांडलं. खोताला भरपाई द्या, पण मधून काढा, आणि जो कसतो त्याचं नाव सरकारदरबारी लावा. सरकार काँग्रेसचं होतं, बिल पुढं सरकेना. मग १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. वीस हजारांच्या आसपास माणूस. कोकणातले बोटीने गेले. धोतर नाहीतर लंगोटी, खांद्यावर घोंगडी, कधी मुंबई न बघितलेली माणसं. कम्युनिस्टही या मोर्चात सामील होते.

त्या मोर्चात कुणबी आणि महार शेजारी शेजारी चालले. घरी परतल्यावर पाणवठे वेगळेच. हे बाबासाहेबांना माहीत नव्हतं असं नाही. पुढच्याच महिन्यात मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी स्वच्छ मांडलं की कामगाराचे दोन वैरी आहेत, एक भांडवलशाही आणि दुसरी ब्राह्मणशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर माणसाला समान न मानणारी वृत्ती, आणि ती सगळ्या जातींत आहे, हेही त्यांनी तिथंच समजावलं. साचेखात्याची गोष्ट ऐकलेल्याला हे वेगळं समजवायला नको.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध त्यांचा पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, त्या कायद्यामागे त्यांचं काम आहे. आज महाड एमआयडीसीत आठ तासांची पाळी करून घरी येणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

घटना तयार होण्याआधी, १९४७ मध्ये त्यांनी एक आराखडा छापला होता. शेती सरकारच्या मालकीची करावी, गावाने ती मिळून कसावी, जातधर्म न बघता कुळं नेमावीत, बी-भांडवल सरकारने द्यावं. म्हणजे मालकही नको, कूळही नको आणि भूमिहीन मजूरही नको. हे घटनेत आलं नाही. सगळ्या गावाने मिळून शेत कसणं आमच्या डोंगराळ भागात कितपत जमलं असतं कुणास ठाऊक, बांधाच्या वितीवरून आम्ही कोर्टात जातो. पण दुखणं कुठं आहे ते त्यांनी बरोबर हेरलं होतं. नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीतल्या शेवटच्या भाषणात त्यांनी बजावलं की मतात सगळे सारखे झालो, पण समाजात आणि पैशात विषमता तशीच आहे, ती लवकर घालवली नाही तर हे सगळं उभं केलेलं कोसळेल.

खोती नष्ट करण्याचा कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये झाला. बिल मांडल्याला बारा वर्षं होऊन गेली होती. १९४८ चा कुळकायदा आला. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेब खेड्यातल्या भूमिहीन माणसासाठी आपल्याला फार काही करता आलं नाही म्हणून हळहळले. शिकलेल्यांना नोकऱ्या मिळाल्या, खेड्यातला मजूर तिथंच राहिला, याचं त्यांना दुःख होतं. १४ ऑक्टोबरला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म घेतला आणि ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

चार महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. आपल्याकडची कितीतरी घरं त्या एका तारखेमुळे उभी राहिली. पण त्यासाठी कागदावर कूळ म्हणून नोंद लागायची, नाहीतर ती सिद्ध करावी लागायची. जो नुसता मजुरीला जात होता, गावकी करत होता, किंवा परिषदेला गेला म्हणून ज्याची कसवणूक आधीच काढून घेतली होती, त्याच्या नावाची नोंद कुठून असणार? १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली, मागणी पडीक सरकारी जमिनीची होती. तहसील कचेरीत जुने फेरफार काढून बघितले की १९५७ नंतर कुणाच्या नावावर काय चढलं ते दिसतं. बौद्धवाडीच्या बहुतेक घरांच्या नावापुढे क्षेत्र गुंठ्यांतच असतं, ते असलं तर.